आधी सुई, मग फोटो

पहिला फटका डॉक्टर बुद्धप्रियानं पाहिला नाही, ऐकला. धुण्याच्या दगडावर ओली सतरंजी आपटावी तसा आवाज आला. मग कुणीतरी कण्हलं आणि पाचसहा गळ्यांचा एकच गिल्ला उठला. दवाखान्याच्या दारात एक पिकअप येऊन उभी राहिली होती.

अक्कलकोट रोडवर, टॉवेलच्या कारखान्यांना लागूनच हा वीस खाटांचा दवाखाना. आरडाओरडा इथं नवा नव्हता. यंत्रमागात बोट गेलं की कामगार इथंच यायचे. पण त्यांच्या सोबतची माणसं रडत असायची. ही माणसं मारत होती.

"बाई, पोरगं आलंय," मीनाबाई आत येऊन म्हणाल्या. तीस वर्षं नोकरी झालेल्या ह्या सिस्टर कधी धावत नसत, आज धापा टाकत होत्या. "मंद्रूपच्या पलीकडचा तो माउली. गेल्या महिन्यात आपण कार्ड केलं बघा. आठ नंबरवाला."

आठ नंबर म्हणजे काय, हे बुद्धप्रिया पोरांना नेहमी एकाच तऱ्हेनं सांगायची. घराला आग लागली की विहिरीपासून दारापर्यंत माणसं रांगेत उभी राहतात आणि घागर हातोहात पुढं जाते. जखम झाली की रक्तातही अशीच रांग लागते, तेव्हा रक्त गोठतं. काहींच्या रांगेत आठव्या जागी माणूसच नसतो. घागर सातव्याच्या हातात राहते आणि घर जळत राहतं. फ्रीजमधल्या छोट्या बाटलीत पांढरी पूड असते ना, तो आठवा माणूस. शिरेतून आत सोडला की रांग पुरी होते.

माउली नऊ वर्षांचा होता. आईनं त्याला घोंगड्यात गुंडाळून आणलं होतं आणि घोंगड्याच्या टोकातून फरशीवर थेंब पडत होते. मायाक्का तिचं नाव. तिनं पोराला खाटेवर ठेवलं आणि घोंगडं बाजूला केलं. उजव्या गुडघ्यावर उभी चीर होती, बोटभर लांब, कडा अगदी नीट. तिच्यात मूठभर भंडारा दाबून भरला होता आणि त्या पिवळ्या चिखलातून रक्त वर येत होतं. उसळत नव्हतं, संथपणे येतच होतं.

"कधीपासून?"

"काल दुपारपास्नं."

"कापलं कुणी?"

मायाक्का पोराच्या पायाखाली घोंगडं सारत राहिली. माउलीच म्हणाला, "मामानं. नासकं रगत साचलं हुतं म्हनं."

बुद्धप्रियाच्या लक्षात आलं. मेंढराला रोगाचं रक्त चढलं की ही मेंढपाळ माणसं कानाची शीर टोचून थोडं रक्त सोडतात आणि मेंढरू उठून चरायला लागतं. पोराचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला, तेव्हा तळावरच्या सगळ्यांत चांगल्या हातानं जे येत होतं ते केलं. रक्तात आठवा माणूस नसलेल्या पोराच्या सांध्याला पातं लावणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"कापू नका, चोळू नका, सुजलं की लगेच या, असं मी कार्डावर लिहून दिलं होतं," पूड पाण्यात विरघळवत बुद्धप्रिया म्हणाली.

"कार्ड ह्यांच्यापाशी हाय," मायाक्का म्हणाली.

खाटेच्या पायथ्याशी तिचा नवरा श्रीमंत उभा होता. त्याचा हात नकळत सदऱ्याच्या खिशावर गेला. पोराला असलं दुखणं आहे असं चारचौघांत झालं तर उद्या त्याला मुलगी कोण देणार, म्हणून त्यानं ते कार्ड तळावर कुणाला दाखवलंच नव्हतं. चार दिवस तो बाजाराला गेला होता आणि कार्डही त्याच्याबरोबर गेलं होतं.

"त्या भडव्याला जित्ता सोडत न्हाय," श्रीमंत एकदम ओरडला आणि बाहेर धावला.

माउलीला दोन बाटल्या गेल्या. मीनाबाईंनी जखम धुऊन घट्ट पट्टी बांधली. दहा मिनिटांनी पट्टीवरचा लाल डाग वाढायचा थांबला. तेवढ्यात खिडकीची काच फुटली आणि अर्धी वीट आत येऊन पडली. बुद्धप्रिया बाहेर गेली.

अंगणात एका माणसाला घेरलं होतं. मायाक्काचा धाकटा भाऊ बिरुदेव तो. नाकातून रक्त येत होतं, मुंडासं सुटून गळ्यात पडलं होतं. श्रीमंतचा थोरला भाऊ कल्लप्पा हातात काठी घेऊन समोर उभा होता. आणखी दोघांनी बिरुदेवचे दंड धरले होते.

"मारा की," बिरुदेव म्हणत होता. "माज्या हातनं झालंय, मारा. पर पोराला आदी बगून या."

"पोराचं नाव घेतोस, कसाया?" कल्लप्पानं काठी उचलली आणि त्याच्या डाव्या कानशिलावर घातली. दंड धरणारे दोघं आपोआप मागं सरले. बिरुदेव पडला, हात टेकून उठला आणि उजवा पाय ताठ ठेवूनच उभा राहिला. तो पाय गुडघ्यात वाकतच नव्हता. धोतर वर खोचलेलं होतं आणि त्या गुडघ्यावर बुद्धप्रियाला एक जुना पांढरा वण दिसला. उभा. बोटभर लांब.

"हे कशाचं?" ती मधे घुसून म्हणाली.

बिरुदेवला अशा वेळी असा प्रश्न येईल असं वाटलं नसावं. "ह्ये व्हय? ल्हान हुतो तवा सुजला हुता. बानं असाच फोडला. दोन म्हैनं निजून हुतो, पर वाचलो की. म्हनून तर पोराचा..." तो थांबला. "डोस्कं लई दुकतंय, बाई." आणि तो तिच्या पायांवर ओकला.

बुद्धप्रिया सर्वगोड सत्तेचाळीस वर्षांची होती. वडील यशवंत ह्याच रस्त्यावर माग चालवायचे. मुलगी डॉक्टर झाली तेव्हा वस्तीला वाटलं, आता ही बाळंतपणाचा दवाखाना काढणार. तिनं रक्त निवडलं, न थांबणारं आणि नको तिथं गोठणारं. "अगं, असले पेशंट मिळणार किती?" वडिलांनी विचारलं होतं. पहिल्याच वर्षी एक जण दात काढल्यावर गेला. दुसऱ्याला शाळेत कानाखाली बसली होती. तेरा वर्षांचं ते पोर तिच्याच हाती आलं. तिनं त्याला आधी डोक्याच्या फोटोला पाठवलं. रांगेत चाळीस मिनिटं गेली आणि फोटो हाती आला तेव्हा पोर गेलेलं होतं. त्या दिवशी तिनं कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं : आधी सुई, मग फोटो. वीस वर्षांत तीन फ्रीज बदलले, कागद तोच राहिला.

हा आजार पुरुषाला होतो, पण येतो आईकडून. माउलीला आहे तर मामालाही असू शकतो. गेल्या महिन्यात तिनं कार्ड करताना विचारलंही होतं, आईच्या माहेरी कुणाला? श्रीमंत म्हणाला, कुणालाच नाही. तो खोटं बोलला नव्हता. बिरुदेवचा पाय लहानपणी एडक्यानं ढुशी दिल्यानं ताठ झाला, असंच त्यांच्यात सगळे सांगत आले होते.

"मीनाबाई, सहा बाटल्या काढा!" ती ओरडली आणि बिरुदेवच्या काखेत हात घालून त्याला दाराकडं नेऊ लागली.

कल्लप्पानं दारात काठी आडवी धरली. "कुनासाटी काडायच्या बाटल्या?"

"ह्याच्यासाठी. बाजूला व्हा."

"पोराचं औषीद ह्या हरामखोराला?"

तिला काठीखालून वाकून आत जाता आलं असतं. धक्का देता आला असता. पण समजावून सांगितलं की माणूस ऐकतो, ह्यावर तिचं आयुष्य उभं होतं. नऊ वर्षांच्या पोरांना कळतं ते ह्या माणसांना का कळणार नाही? ती थांबली आणि सांगू लागली.

"ऐका. ह्याचं रक्तही माउलीसारखंच आहे. म्हणून ह्याचा गुडघा तसा आहे. आता डोक्यात रक्त साचतंय, सुई नाही मिळाली तर हा तासाभरात मरेल. हा आजार आईकडून मुलाकडं येतो. ह्यांच्या आईकडून ह्याला आला, मायाक्काकडं आला, मायाक्काकडून माउलीकडं. ह्यात कुणाचाच..."

कल्लप्पाची काठी खाली आली. बुद्धप्रियाला वाटलं, समजलं. समजलं होतंच, पण तिला सांगायचं होतं ते नव्हे.

"म्हंजे हिच्याकडनं आलं?" श्रीमंत हळूच म्हणाला.

मायाक्का दारात येऊन उभी होती. हाताला पोराचं रक्त, पिवळा भंडारा.

"थोरलं पोरगं पाळन्यातनं पडून गेलं, तवा आमी करनी म्हनलो," कल्लप्पा म्हणाला. "करनी न्हवं, श्रीमंता. हीच हुती ती."

श्रीमंतनं तिला थोबाडीत मारली. मग केस धरले. "पंदरा वर्सं माजं खाल्लंस आन् पोरास्नी ईख पाजलंस व्हय गं?" त्यानं तिचं डोकं दाराच्या लोखंडी जाळीवर आपटलं. एकदा. दोनदा. ओठ फाटला, दात फरशीवर खळकन पडला.

"तिचा दोष नाही! तिला तरी माहीत होतं का?" बुद्धप्रिया त्याच्या हाताला लटकली. कुणाचं तरी कोपर तिच्या बरगडीत बसलं आणि ती भिंतीवर आदळली. श्वास येईना. तशातही तिला एकच गोष्ट स्वच्छ कळत होती. हा फटका आपल्या वाक्यानं मारला. आपण तोंड आधी चालवलं. सुई अजून फ्रीजपाशीच आहे.

बिरुदेव भिंतीला टेकून बसला होता. "आक्काला मारू नगा, दाजी," तो म्हणाला, पण शब्द लडबडत होते. बुद्धप्रियानं त्याच्या पापण्या वर केल्या. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती.

मायाक्कानंही ते पाहिलं. नवऱ्याच्या मुठीत केस तसेच असताना ती खाली वाकली. कल्लप्पानं दाराला टेकवलेली काठी तिच्या हाताला लागली. माळावर लांडगा आला की पुरुष झोपेतून उठेपर्यंत बायकाच काठी घेऊन धावतात. तिनं न वळता काठी मागं घातली. श्रीमंतच्या मनगटाचं हाड वाजलं. केस सुटले. दुसरा घाव कल्लप्पाच्या नडगीवर बसला.

"आई गं!" कल्लप्पा खाली बसला. "बाप्यावर हात उचलतीस?"

"अजून उचललाच कुटं हाय?" मायाक्काच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. ती दारात पाय फाकवून उभी राहिली. "बाई, त्याला आत न्या. सुई मारा. मी हितं हाय."

बुद्धप्रिया आणि मीनाबाईंनी बिरुदेवला काखेत धरून ओढत बोळात नेलं. खाटेपर्यंत नेण्याएवढा वेळ नव्हता, फरशीवरच झोपवलं. बुद्धप्रियानं दंडाला पट्टा आवळला आणि शीर पहिल्याच फटक्यात धरली.

मग बाटल्या. ही पूड फार मानी. गडबडीत हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. पाणी घालून बाटली दोन्ही तळहातांत हळू घोळवत राहावी लागते, दह्याच्या कवडीला धक्का लागू नये तशी. बाहेर काठीवर काठी आपटत होती, कुणीतरी जाळीवर लाथा घालत होतं आणि ह्या दोन बायका फरशीवर बसून बाटल्या घोळवत होत्या. मीनाबाईंची बाटली भराभर फिरायला लागली.

"हळू, मीनाबाई."

"हळूच करतीय, बाई. हात ऐकंनात."

पहिली बाटली गेली. दुसरी. तिसरीला दाराची कडी निखळली. चौथीला मायाक्काची किंकाळी आली, लांब, तुटणारी. बुद्धप्रियाची मान वळायला लागली. तिनं ती वळू दिली नाही. अंगठ्यानं दांडा त्याच संथपणे पुढं ढकलत राहिली. पाचवी. सहावी.

सहावी संपली तेव्हा ती उठली. दारातून तिला दिसलं, शेजारच्या कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली होती. डब्याचे हात न धुता दहाबारा कामगार अंगणात घुसले होते. दोघं कल्लप्पाच्या छातीवर बसले होते. एक म्हातारा तेलुगूत शिव्या देत श्रीमंतला कोपऱ्यात दाबून उभा होता. मायाक्का पायरीवर होती, एक हात लोंबता, दुसऱ्यात काठी. कुणी ती काढून घ्यायला गेलं तर देत नव्हती.

"मारली का सुई?" तिनं विचारलं.

"मारली."

मग तिनं काठी सोडली.

फोटो त्यानंतर निघाला. डोक्यात डाव्या बाजूला लिंबाएवढं रक्त साचलेलं. मोठ्या दवाखान्यातल्या मेंदूच्या सर्जननं कवटी उघडली, रक्त काढलं आणि बाहेर येऊन विचारलं, "एवढ्या उशिरा आणूनही वाहत कसं नव्हतं?" त्याला कारण सांगताना बुद्धप्रियाला हेही माहीत होतं की सुई त्याआधीच देता आली असती. दारात बोलण्यात गेलेली मिनिटं तिनं मनात पुन्हा पुन्हा धरून पाहिली होती. बिरुदेव वाचला, पण उजवा हात कोपरापासून खाली लुळा पडला. कातरणीच्या दिवसांत पन्नास मेंढरं उरकणारा हात. त्यातली काही बोटं कल्लप्पाची आणि काही आपल्या व्याख्यानाची, असं ती स्वतःला सांगायची आणि ह्या हिशेबातून स्वतःला सोडवायची नाही.

कल्लप्पाला पोलिसांनी नेलं. श्रीमंत जामिनावर सुटला आणि आठव्या दिवशी मनगटाला प्लास्टर घालून व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसला.

"एक इचारू का, डॉक्टरीणबाई?" तो खाली बघत म्हणाला. "आमची ऋतुजा. बारा वर्सांची हाय. तिच्यात बी हाय का ते?"

बुद्धप्रियाला उत्तर ठाऊक नव्हतं, शोधता आलं असतं. पण आता तिनं वाक्य तोंडातून काढायच्या आधी ते कुणाच्या अंगावर जाऊन पडेल ते पाहिलं.

"ते ऋतुजाचं आहे. ती मोठी झाली की तिला सांगीन."

"मी बाप हाय तिचा."

"कार्ड बापाच्याच खिशात होतं, श्रीमंत."

त्याची चांगली मूठ वळली. बुद्धप्रिया जागची हलली नाही. मग मूठ सुटली आणि तो डोळे पुसायला लागला. तिला त्याची कीव आली, आणि ती त्याला तिथंच सोडून आत गेली.

आत तिनं दार लावून घेतलं. मायाक्काच्या ओठाला सहा टाके होते, डावा हात गळ्यात बांधलेला. मोठ्या दवाखान्यातून परत आलेला बिरुदेव खाटेवर, शेजारच्या खाटेवर माउली. ऋतुजा खिडकीत बसून फुटलेल्या काचेच्या जागी लावलेला पुठ्ठा नखानं कुरतडत होती.

"तुझा नवरा ऋतुजाबद्दल विचारत होता. मी सांगितलं नाही," बुद्धप्रिया म्हणाली. "जे काही सांगायचं ते तुला आधी. त्या दिवशीही तुलाच आधी सांगायला हवं होतं, आत बसवून. ती माझी चूक."

"म्या सांगितलं असतं तरी मारलंच असतं की," मायाक्का टाक्यांमुळं तोंड न हलवता म्हणाली. "आता ते जाऊ द्या. मी माळशिरसला जानार हाय, मावशीकडं. पोरं घिऊन, ह्याला घिऊन. तितं ही सुई कोन दील?"

"कोणी नाही. तूच देशील."

"मी?"

"बाटल्या मी देते. बर्फाच्या डब्यात न्यायच्या. ये, बस."

बुद्धप्रियानं बिरुदेवच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. मायाक्काच्या गळ्यातल्या हातात बाटली दिली आणि चांगल्या हातानं घोळवायला लावली. पूड विरली. मग सुई. "शीर बोटानं चाचप. दोरीसारखी लागते, दाबली की परत वर येते ती. सापडली? आता तिरकी धर."

पहिल्यांदा शीर सटकली. कातडीखाली निळी गाठ आली, ती बुद्धप्रियानं कापसानं दाबून धरली.

"आक्का, मेंढीला तरी बरी टोचायचीस की," बिरुदेव पडल्या पडल्या म्हणाला.

"मेंढी बडबडत न्हाय तुज्यासारकी. गप पड."

माउली खिदळला. दारावर थाप पडली. "मायाक्का," श्रीमंतचा आवाज आला. "ए मायाक्का, जरा ऐक तरी."

मायाक्कानं मान वर केली नाही. तिनं वरच्या अंगाला दुसरी शीर चाचपली, सुई तिरकी धरली आणि आत घातली. नळीत रक्ताची बारीक रेघ मागं आली.

"आली," ती कुजबुजली.

"आली. पट्टा सोड. आता ढकल, अगदी हळू."

बाहेर पुन्हा थाप पडली. मायाक्का अंगठ्यानं दांडा जराजरा पुढं ढकलत राहिली. तो टेकला तेव्हा तिनं सुई काढली, जागेवर कापूस धरला आणि शेजारच्या खाटेकडं वळून म्हणाली, "माउल्या, हात दे."